खाडाखोड कोणासाठी?

गेल्या महिन्यात एक तरुण आमच्याकडे आला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो फेटलिंगला आहे. म्हणजे ओतून निघालेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, हे त्याचे काम. पाळी सुटल्यावर तो तसाच आला होता. भुवयांवर काळी धूळ, अंगात कामाचा शर्ट आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन फुलस्केप वह्या.

"जयभीम सर. कादंबरी लिवलीया. चौदा एप्रिलला प्रकाशन घ्यायचं ठरलंय. तुमची प्रस्तावना पायजे."

आम्ही वह्या उघडल्या. अक्षर सुबक होते. २४० पाने होती आणि संपूर्ण २४० पानांत एकही ओळ खोडलेली नव्हती. आम्ही विचारले, "ही पक्की प्रत दिसते. कच्चा खर्डा कुठे आहे?" तो म्हणाला, "ह्योच की. एकदाच लिवलंय. काळजातनं आलंय सर, त्यात परत हात घालायचा म्हंजे खोटं करायचं."

वाचक हो, हे वाक्य आम्ही गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहोत. नुसते ऐकत आलो नाही, एके काळी आम्हीही ते छाती पुढे काढून म्हणत होतो. म्हणून त्या तरुणाला त्या दिवशी जे सांगितले आणि जे सांगायचे धाडस झाले नाही, ते दोन्ही या स्तंभात लिहीत आहोत.

आम्ही याच वसाहतीत सोळा वर्षे काढली. आधी मोल्डिंगला, मग इन्स्पेक्शनला. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुणे-बंगळुरू महामार्गाने कोल्हापूरकडे येताना पंचगंगेचा पूल ओलांडण्याआधी सांगली फाटा लागतो. तेथे हे गाव आहे. पुलामुळेच त्याचे नाव शिरोली पुलाची. तालुका हातकणंगले. म्हणजे ज्या तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले, तोच तालुका. या वसाहतीत लोखंड वितळवून मोटारी आणि ट्रॅक्टरचे भाग ओतले जातात. आजूबाजूच्या गावांतले आपले लोक येथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावकीतून सुटून पाळीवर आले. गावकी सुटली. पण भट्टीसमोर कोण उभा राहणार आणि एसीच्या केबिनमध्ये कोण बसणार, याची वाटणी पाहिली की गावकीची आठवण येते ती येतेच!

आमच्या कादंबरीचा पहिला खर्डा येथेच लिहिला गेला. तिसऱ्या पाळीला, रद्द झालेल्या इन्स्पेक्शन रिपोर्टांच्या कोऱ्या पाठीवर, बॉलपेनने. २०१३ साली सुरुवात केली आणि चौदा महिन्यांत ४१२ पाने झाली. कथा अशी की, कंत्राटावरचा एक पोरगा ओतकामावर असतो. साच्यात ओल राहिलेली असते. लोखंडाचा रस पडताच तो उसळतो आणि पोराचा पाय जळतो. मालक जबाबदारी झटकतो. मग युनियनचा पुढारी, आमचा नायक, उभा राहतो आणि भाषण करतो. हे भाषण नऊ पानांचे होते. हसू नका. आम्ही ते लिहीत होतो तेव्हा आमचे डोळे भरून आले होते.

घटना खरी होती. पोरगा खरा होता. राग तर खराच होता. म्हणून आम्ही समजलो की कादंबरीही खरी झाली.

पहिला धक्का बसला तो स्वतःच वाचायला बसलो तेव्हा. सहाव्या प्रकरणात वारलेला रात्रपाळीचा वॉचमन चौदाव्या प्रकरणात टपरीवर चहा पीत होता! नायकाच्या बहिणीचे नाव पाचव्या प्रकरणापर्यंत रमा होते, पुढे सुजाता झाले. पोराचे वय सुरुवातीला एकोणीस, तर त्याच्या जन्मसालावरून हिशेब केला तर सत्तावीस. हे निस्तरता येते. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही तक्ता काढला. एका बाजूला प्रकरणे, दुसऱ्या बाजूला माणसे, त्यांची वये, कोण कोणत्या पाळीला आणि कोण कधी मेले. आजही आमच्या भिंतीला तो तक्ता आहे. कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाने असा एक तक्ता करावा. त्यात कसलीही प्रतिभा लागत नाही आणि त्याच्यावाचून प्रतिभेचा काही उपयोगही होत नाही.

पण दुसरे दोष तक्त्यात सापडत नाहीत. फौंड्रीतल्या माणसाला ब्लो-होल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसते. वजनाला बरोबर भरते. ठोकून पाहिले तरी काही कळत नाही. ते मशीनवर चढते, वरचा थर कापला जातो आणि आत हवेची पोकळी निघते. मग सगळा माल परत. आमच्या नऊ पानांच्या भाषणात अशी पोकळी होती. वरून ते भारदस्त होते. आत त्या पुढाऱ्याला ना भूक, ना भीती, ना घर. तो कधी चुकत नव्हता. ज्या माणसाच्या हातून काही चुकतच नाही त्याच्या बाबतीत वाचकाने काळजी तरी कशाची करायची?

आम्ही दुरुस्त्या केल्या, पण वरवरच्या. भाषण नऊ पानांवरून सहा पानांवर आणले आणि खर्डा एका प्रकाशनसंस्थेकडे पाठवला. नाव लिहीत नाही. त्याची गरजही नाही, कारण असे अनुभव एकाच दारात येतात असे नाही. सात महिन्यांनी पत्र आले. पत्राची भाषा अत्यंत सौजन्याची होती. अनुभव अस्सल आहे, लेखणीत ताकद आहे, तथापि... या 'तथापि'नंतर तीन सूचना होत्या. संवादांतली बोली सौम्य करावी, वाचकाला अडखळायला होते. विहारातले प्रसंग कमी करावेत, ते 'प्रचारकी' वाटतात. आणि तिसरी सूचना फार गोड शब्दांत होती. नायकाचे 'कांबळे' हे आडनाव बदलता आले तर कादंबरी एका समाजाची न राहता सर्व माणसांची होईल!

म्हणजे कांबळे हा माणूस नव्हे. देशपांडे नायक असला की ती माणसाची कथा. कांबळे असला की ती समाजाची!

आता येथे आम्ही ताठ मानेने ते पत्र फाडून टाकले, असे लिहायला फार आवडले असते. पण तसे झाले नाही. आम्ही सगळ्या सूचना मान्य केल्या. पंधरा-सोळा वर्षे लोखंडात काढलेल्या माणसाला आपले नाव पुस्तकावर छापून येण्याची भूक किती असते, हे ज्याला आहे त्यालाच कळेल. २०१७ आणि २०१८ ही दोन वर्षे आम्ही दुसरा खर्डा लिहिला. चांगला जाड कागद आणला. शाईचे पेन घेतले. ४१२ पानांची २९० पाने केली. 'हाय'चे 'आहे' झाले, 'न्हाई'चे 'नाही' झाले. आक्का, आण्णा, दाजी यांच्या तोंडी पुण्याच्या पेठेतली भाषा आली. विहाराची 'वस्तीतली खोली' झाली. कांबळे गेला आणि ज्यावरून काहीच कळत नाही असे एक आडनाव आले.

बाबुराव बागूल यांची आम्हांला त्या काळात वारंवार आठवण येत असे. १९६३ साली आलेल्या त्यांच्या कथासंग्रहाच्या नावातच जात चोरण्याची गोष्ट आहे. रेल्वेतली नोकरी, परक्या गावात खोली मिळवण्यासाठी जात लपवणे, ती उघडी पडल्यावर मार खाणे. बागूलांनी ही चोरी लिहिली, आणि लिहून तिला उजेडात आणले. आम्ही पन्नास-पंचावन्न वर्षांनी काय करत होतो? आम्ही आमच्या नायकाला ती चोरी करायला लावत होतो, तीही सुवाच्य अक्षरात!

ज्यांना पुनर्लेखन म्हणजे खोटेपणा वाटतो त्यांचा मुद्दा येथवर बरोबर आहे. पण येथेच थांबले तर चुकेल. म्हणून बाबासाहेबांकडे यावे लागते.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणाचा मसुदा पाहिल्यावर मंडळाला घाम फुटला. काही भाग गाळा, काही बदला, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी एका स्वल्पविरामालाही हात लावायचे नाकारले. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापून काढले. ही गोष्ट आपल्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे, आणि आपले लेखक तिचाच दाखला देतात की, बघा, बाबासाहेबांनी बदल केला नाही, आम्हीही करणार नाही.

पण पुढची गोष्ट आपण सांगत नाही. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आणि बाबासाहेबांनी तिच्यात भर घातली. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये केलेली टीका आणि तिला दिलेले स्वतःचे सविस्तर उत्तर त्यांनी पुस्तकाला जोडले. १९४४ साली तिसरी आवृत्ती आली. मंडळाच्या सांगण्यावरून स्वल्पविरामही हलला नाही आणि विषयाची गरज म्हणून पुस्तक वाढवायला मात्र वर्षही लागले नाही. हे दोन्ही एकाच माणसाने केले आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घ्या. आज आपण ज्या नावाने तो ग्रंथ ओळखतो ते त्याचे पहिले नाव नव्हे. आधी 'गॉस्पेल' हा शब्द असलेल्या नावाने थोड्या प्रती छापून जाणकारांना मत देण्यासाठी वाटल्या गेल्या. त्यानंतर नाव बदलले. गॉस्पेल गेले आणि धम्म आला. हा नुसता शब्दांचा बदल आहे काय? वर्षानुवर्षे त्या ग्रंथावर काम चालले. नानकचंद रत्तू रात्री-रात्री टंकलेखन करीत आणि बाबासाहेब त्या टंकलिखित पानांवर पुन्हा हाताने दुरुस्त्या करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही याच ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने त्यांनी उशाशी मागवून घेतली होती. ग्रंथ निघाला १९५७ साली. महापरिनिर्वाणाच्या आदल्या रात्री जो महामानव आपला मजकूर पुन्हा तपासायला घेतो, त्याचे अनुयायी म्हणवणारे आम्ही एकदा लिहिलेल्या पानाला परत हात लावायला तयार नाही!

वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन खंडाखंडांनी प्रसिद्ध केले. अप्रकाशित लिखाणाच्या खंडांतल्या संपादकीय टिपा सवड काढून वाचाव्यात. टंकलिखित प्रती, त्यांवर बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्या, अर्धवट राहिलेली प्रकरणे. तेथे घाम दिसतो. आणि बाबासाहेबांच्याही मागे जायचे तर राष्ट्रपिता जोतीराव फुले आहेत. १८८८ साली पक्षाघाताने उजवी बाजू गेली तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. ते छापले गेले १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात. ज्याला डाव्या हाताने एक-एक अक्षर काढावे लागते तो कोणता शब्द ठेवायचा याचा विचार केल्याशिवाय लिहीत नसणार.

असो. आमच्या खर्ड्याकडे परत येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बंगळुरू वाहतूक काही दिवस ठप्प झाली. सांगली फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती. आमच्या खोलीत छातीइतके पाणी होते. आम्ही शाळेत हललो तेव्हा रेशनकार्ड, पोरांचे दाखले आणि बाबासाहेबांची तसबीर तेवढी घेतली. पाणी ओसरल्यावर येऊन पाहतो तो ट्रंक चिखलाने भरलेली. त्यात दोन्ही खर्डे होते. शाईने लिहिलेला दुसरा खर्डा धुऊन निघाला होता. पानांवर निळसर ढग तेवढे उरले होते. बॉलपेनने लिहिलेला पहिला खर्डा मात्र चिखल पुसल्यावर वाचता येत होता. आमच्या एका स्नेह्यांनी यात मोठा संकेत पाहिला. आम्ही बौद्ध आहोत, संकेत वगैरे मानत नाही. शाई पाण्यात विरघळते आणि बॉलपेनचा रंग तेलाचा असल्याने तसा विरघळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण एक खरे की, दुसऱ्या खर्ड्यातले एकही वाक्य आम्हांला आठवून पुन्हा लिहिता येईना. जे वाक्य आपल्या तोंडचे नसते ते डोक्यात राहत नाही.

मग २०२० मध्ये तिसरा खर्डा सुरू केला. पहिला समोर ठेवून. कांबळे परत आला. आक्का पुन्हा आक्कासारखी बोलू लागली. मात्र यावेळी बोलीवर आम्ही मेहनत घेतली. पहिल्या खर्ड्यात बोली होती पण गचाळ होती. एकच बाई एका ओळीत 'हाय' आणि दुसऱ्या ओळीत 'आहे' म्हणत होती. बोलीलाही व्याकरण असते. शिरोलीची म्हातारी, सीमाभागातून कामाला आलेला माणूस आणि दहावी शिकलेला पोरगा एकसारखे बोलत नाहीत. आम्ही मोबाईलवर चार-पाच जणांचे बोलणे टिपून ऐकले, त्यांना सांगून. पुढे संगणकावर जुळणी करायला दिले तेव्हा गंमत झाली. जुळणी करणाऱ्या पोराने चांगुलपणाने सगळे 'न्हाई' शुद्ध करून 'नाही' केले होते! वर म्हणाला, "काका, तुमच्या लई चुका होत्या, मी सुधारल्या." त्याला काय बोलणार? त्याला शाळेने तेच शिकवले आहे. एकेक शब्द पुन्हा मळवून घेण्यात दोन महिने गेले.

अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव येथून फार लांब नाही, याच महामार्गाच्या पट्ट्यात आहे. शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेला हा माणूस. १९५९ साली त्यांची 'फकिरा' आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. चिरागनगरच्या झोपडीत बसून ज्याने तिसाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या त्याच्याकडे खर्ड्यांवर खर्डे करायला कागद तरी कुठून असेल, असा प्रश्न आम्हांला कधी कधी पडतो. आणि फलटणच्या बेबीताई कांबळे? त्यांनी तर किराणा दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिले. कागद दडवून ठेवले ते वीस वर्षे. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले १९८६ साली. म्हणून पुनर्लेखनाचा आग्रह धरताना आम्हांला एक भान ठेवावे लागते. सवड ही मालमत्ता आहे. ज्याला दुपारची झोप काढून निवांत टेबलावर बसता येते तो दहा खर्डे करील. आठ तासांची पाळी आणि चार तासांचा ओव्हरटाईम करून आलेल्या पोराला 'पुन्हा लिही' म्हणणे सोपे आहे. आम्ही त्या तरुणाला ते म्हटले, पण म्हणताना जीभ जड झाली.

आता मूळ गोष्ट. जी सांगायला आम्ही इतका वेळ घेतला.

२०२२ च्या वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होई. वाचन झाल्यावर तासभर आम्ही तिसऱ्या खर्ड्यातले एकेक प्रकरण वाचून दाखवू लागलो. पंचवीस-तीस माणसे बसत, त्यात बायका अधिक. आम्हांला वाटले, आपले लोक आहेत, आवडेल. आवडतही होते. अपघाताचे प्रकरण वाचले त्या रात्री सगळे गप्प झाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आम्ही वही मिटली. तेवढ्यात आक्का बोलल्या. आक्का म्हणजे आमच्या चुलत आत्या. कोअर शॉपमध्ये बावीस वर्षे काढलेल्या. ज्याचा पाय जळला तो पोरगा त्यांच्या बहिणीचा.

"ल्येका, समदं बराबर लिवलंयस. मालक वंगाळ हाय, न्हाई म्हनत न्हाई म्या. पर पोराला बूट न देता त्या रसापाशी हुबा कुनी केला? मालकानं? आरं, मालकाला तर पोराचं नाव बी ठावं नव्हतं. आपल्यातल्याच मानसानं धाडला त्येला. त्यो तुज्या पुस्तकात कुटं हाय?"

विहारात कोणी काही बोलले नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होते. तो माणूस आमच्याच वस्तीतला. लेबर पुरवण्याचा ठेका त्याच्याकडे. पोरांच्या पगारातून पीएफच्या नावाने पैसे कापायचे आणि भरायचे नाहीत, बुटाचे पैसे घ्यायचे आणि बूट द्यायचे नाहीत, हा त्याचा धंदा. आणि जयंतीच्या मिरवणुकीचा सर्वांत मोठा वर्गणीदारही तोच. विहाराचे पत्रे त्यानेच घातले. आम्ही ज्या ट्यूबलाईटखाली बसून वाचत होतो तिचे बिलही तोच भरतो.

पहिल्या खर्ड्यात आम्ही त्याला वगळले होते. दुसऱ्यात वगळले. तिसऱ्यातही वगळले. प्रकाशकाने कांबळे काढायला सांगितला म्हणून आम्ही एवढा त्रागा केला आणि स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता, एक अख्खा माणूस तीन वेळा पुसून टाकला! ते गाळणे आम्हांला खाडाखोड वाटलेच नाही, कारण तो कागदावर कधी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कमिटीची दोन माणसे घरी आली. चांगली माणसे आहेत. चळवळीत केस पांढरे केलेली. म्हणाली, "भाऊ, आक्कांचं काही मनावर घेऊ नका. आपलं धुणं आपण चव्हाट्यावर धुवायचं नसतं. उद्या हेच पुस्तक दाखवून ते म्हणतील, बघा, ह्यांचेच लोक ह्यांना लुटतात." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आजवर आपल्या प्रत्येक कबुलीचा उपयोग आपल्याविरुद्ध झालेला आहे. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले तेव्हा ते परक्यांनी डोक्यावर घेतले आणि आपल्यातल्या कित्येकांना टोचले, तेही याचमुळे. आम्ही दोन महिने एक ओळ लिहिली नाही.

शेवटी लिहायला बसलो ते आक्कांच्या एका वाक्यामुळे. 'मालकाला पोराचं नाव बी ठावं नव्हतं.' आम्ही सोळा वर्षे त्या वसाहतीत होतो, पण हे आमच्या ध्यानात आले नव्हते. मालकाला नाव माहीत नसणे हा योगायोग नाही. त्यासाठीच तर ठेकेदार असतो! १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. पण नावच हजेरीपटावर नसेल तर जबाबदारी कोणाची सिद्ध करणार? आणि आमच्या पोरांवर आमच्यातलाच माणूस नेमला की पोरे गप्प बसतात. मालक जयंतीला हार घालायला येतो आणि सगळे सुरळीत चालते. ठेकेदाराला कादंबरीत आणल्याबरोबर मालक सुटला नाही, उलट पहिल्यांदा नीट दिसला. आमच्या पहिल्या तीन खर्ड्यांतला मालक चित्रपटातल्या खलनायकासारखा ओरडत होता. चौथ्या खर्ड्यात तो ओरडत नाही. त्याला गरजच नाही.

आणि ठेकेदारही बदलत गेला. आधी रागाच्या भरात आम्ही त्याला राक्षस केले. मग आठवले की याच माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटे प्रेसमध्ये गेली आहेत, तोही एकोणीस वर्षांचा असताना. त्याला तेव्हा कोणी भरपाई दिली नव्हती. त्यानंतर तो मशीनवर उभा राहिला नाही. त्याने माणसे पुरवायला सुरुवात केली. हे लिहिल्यावर त्याचा गुन्हा तसूभरही कमी झाला नाही. पण आता तो माणूस झाला आहे आणि वाचणाऱ्याला त्याच्याकडे पाहून स्वतःचीही थोडी भीती वाटेल. नऊ पानांचे भाषण आता कादंबरीत नाही. नायक एके ठिकाणी बोलायला उभा राहतो, समोर ठेकेदार बसलेला दिसतो आणि तो मालकाविषयी बोलतो, त्याच्याविषयी बोलत नाही. तो प्रसंग दीड पानाचा आहे. तो आम्ही अकरा वेळा लिहिला.

फौंड्रीत नाकारलेले कास्टिंग कोणी फेकून देत नाही. ते पुन्हा भट्टीत जाते. पण नुसते वितळवून भागत नाही. नमुना काढून तपासावा लागतो, कार्बन-सिलिकॉन पुन्हा जुळवावे लागते, नाहीतर दुसरे कास्टिंगही तसेच निघते. हे काम त्या तरुणाला रोजचे ठाऊक आहे. म्हणून त्याला आम्ही एवढेच म्हटले की, चौदा एप्रिलची घाई करू नकोस, बाबासाहेबांची जयंती पुढच्या वर्षीही येणार आहे. त्याच्या कादंबरीत कोण गाळले गेले आहे, हे आम्हांला ठाऊक नाही. ते त्यालाच ठाऊक असेल, किंवा त्याच्या वस्तीतल्या एखाद्या आक्काला. प्रस्तावना आम्ही दिली नाही. तो रागावून गेला. वह्या मात्र आमच्याकडेच ठेवून गेला आहे. म्हणजे पुन्हा येईल.

आमचा चौथा खर्डा पुरा होत आला आहे. ३४४ पाने. येत्या पौर्णिमेला विहारात त्यातले ठेकेदाराचे प्रकरण वाचायचे आम्ही ठरवले आहे. कमिटीला तसे कळवले. आक्का म्हणाल्या, म्या म्होरं बसनार. काल संध्याकाळी टपरीवर ठेकेदार भेटला. त्याने चहा सांगितला, पैसेही त्यानेच दिले. म्हणाला, "भाऊ, पुनवंला वाचन हाय म्हनं तुमचं. माईक लावूया का? मागं ऐकू येत न्हाई."

आम्ही म्हटले, लावा.